सण बाधलेली कालवड

आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती. कुणी मनाई केली होती असं नाही, पण कोऱ्हाळ्याच्या आमच्या वस्तीवर विहिरीचं इंजिन सकाळपासून फटफटत असे, त्याच्या वर आवाज चढवून बोलायचं, आणि इंजिन बंद पडलं तरी आवाज खाली आणायचं कुणाच्या ध्यानात येत नसे. आबा, म्हणजे माझे वडील, ताटावर बसून मीठ मागायचे तेही पलीकडच्या शिवारातल्या माणसाला हाळी दिल्यासारखं. आई भाकरी थापायची तर शेजारच्या वस्तीला कळायचं की यांची जेवणं व्हायची आहेत. आणि मी तर नववीत होते, मला कविता पाठ येत होत्या, त्यामुळे माझा आवाज म्हणजे घरादारावर माझा उपकारच आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. दोन वेण्या, त्यांना लाल फिती, आणि जगात आता आपल्याला समजून घ्यायचं असं काही उरलेलं नाही असा चेहरा. तेव्हाचा एक फोटो नातीनं परवा मोबाइलमध्ये घेतला आणि विचारलं, आजी, तू इतकी का चिडलीयेस? चिडले नव्हते बाई. विदुषी अशाच दिसतात असं मला वाटायचं.

पण आवाजाचा खरा मान होता आक्काआत्याचा. आबांची ही थोरली बहीण, गावातच दिलेली, म्हणजे सासर-माहेर दोन्हीकडे हुकूम चालवायला मोकळी. ती गावातून वस्तीकडे निघाली की कालव्याच्या पुलावरूनच बोलायला सुरुवात करायची आणि आमच्या अंगणात पोचेपर्यंत निम्मं भांडण उरकलेलं असायचं. आई तिला उलटून एक शब्द बोलत नसे. आईचं माहेर पार तिकडं इंदापूर तालुक्यात, नरसिंहपुराच्या अंगाला, नदीकाठी. तिथून मदतीला कोण येणार? म्हणून आई काय बोलायचं ते भाकरीशी बोलायची.

त्या वर्षी पावसाळ्यात आमच्या तांबडीचं वासरू दगावलं. दिवाळी तोंडावर आली आणि आत्याला आठवण झाली की वसुबारसेला पुजायची ती नुसती गाय नव्हे, वासरासकट गाय. आमच्या वस्तीवर आळीतल्या सगळ्या बायका पूजेला यायच्या, हा आमच्या घराचा मोठेपणा होता. म्हणजे आत्याच्या माहेरचा मोठेपणा होता, आणि त्याला आता वासराची उणीव पडली होती. चुलीपुढं बसून ती आईला म्हणाली, "गाय हाय आन् वासरू न्हाय. बायका काय दाव्याला कुकू लावत्यात? तुझ्या म्हायारी लई गुरं हायती म्हनं. का नुसतं म्हनायपुरती?"

आईची भाकरी त्या दिवशी एवढी पातळ झाली की तव्यावरून उचलताच येईना. दुसऱ्याच दिवशी तिनं आबांना नरसिंहपुराकडे पाठवलं.

माझ्या बापूमामानं विचारबिचार काही केला नाही. बहिणीला टोमणा बसला एवढं त्याला पुरे होतं. त्याच्या दावणीला एक जर्सी गाय नवीनच होती, आणि तिची कालवड अजून पिती होती. तांबूस अंग, कपाळावर पांढरा टिळा, पापण्या अशा की मी माझ्या पापण्यांना त्यानंतर कित्येक दिवस एरंडेल लावत होते. सकाळी आईच्या सडापासून ओढून मामानं तिला बाजरीच्या पोत्यांच्या मालट्रकात चढवलं, इंदापूर, बारामती असं करत, प्रत्येक टपरीवर ड्रायव्हरच्या चहासाठी थांबत, दिवस मावळायच्या सुमाराला आमच्या वस्तीवर उतरवलं. उतरली तेव्हा तिचे चारही पाय थरथरत होते. मामा म्हणाला, "ताई, ही पोरीला दिली. शकूची हाय." आईनं पदर डोळ्याला लावला. मी त्याच क्षणी तिचं नाव रूपमती ठेवलं. वस्तीवर कुणाला एवढी लांबलचक हाक मारायला सवड नव्हती, ती रात्र सरायच्या आत रुपी झाली.

ती सारखी हंबरत होती. मला वाटलं, नवीन घर बघून तिला आनंद झालाय. एवढंच नाही, मी तसं सगळ्यांना समजावूनही सांगितलं.

वसुबारसेच्या सकाळी मी तिला आंघोळ घातली. हौदाचं पाणी असं गार की माझीच बोटं वाकत नव्हती, पण सौंदर्यासाठी सोसावं लागतं हे मला कुठूनतरी कळलेलं होतं, फक्त सोसणारी ती होती. माझा वासाचा साबण, जो मी स्वतःला लावताना पुरवून-पुरवून वापरायचे, तो तिच्या पाठीवर निम्मा झिजवला. मग आईच्या जुन्या जरीच्या लुगड्याची झूल, तिला मी स्वतः टाचलेली आरशाची टिकली, गळ्यात घुंगरांचा पट्टा, पायात घुंगरं, शेपटीला माझी लाल फीत. ती पाऊल टाकायची, घुंगरं वाजायची, ती दचकून उडी मारायची, मग आणखी वाजायची. आम्ही सगळे म्हणालो, बघा कशी नाचतीया.

बायका आल्या. कुणाच्या ताटात हळदकुंकू, कुणाच्या ताटात बाजरीचे उंडे, सगळ्यांच्या तोंडात तेच, जर्सीचं हाय म्हनं. घरात गवारीची भाजी रटरटत होती. त्या दिवशी गाईचं दूध-तूप चालत नाही, गहू चालत नाही, गाईला त्रास म्हणून काही द्यायचा नाही, एवढी आमची श्रद्धा कडक. तांबडी आणि रुपी, दोघींना एका खुंट्याला बांधलं, कारण माय-लेकरू शेजारी शेजारी दिसायला हवीत. तांबडीला हे नातं कुणी विचारलेलं नव्हतं. तिनं या अनोळखी पोरीला हुंगलं आणि शिंगानं असं ढकललं की रुपी दावं ताणून पार भिंतीला टेकली. आत्या कौतुकानं म्हणाली, लेकराला कशी मायेनं ढोसतीया. मग ओळीनं एकेक बाई पुढं आली, प्रत्येकीनं खुरांवर पाणी घातलं, कपाळाला बोट लावलं, पापण्यांना हात लावून पाहिला. बाहेर आत्याच्या नातवंडांनी लवंगी माळ लावली. रुपी हंबरायची थांबली. आम्हाला वाटलं, रुळली.

दुसऱ्या दिवशी ती खोकली. चारा तोंडात घेऊन सोडून दिला, मान पुढं काढून उभी राहिली, नाकातून शेंबूड, बरगड्यांपाशी खाली-वर, खाली-वर. घरात कुणालाही कारण शोधायला वेळ लागला नाही. दृष्ट. एवढं देखणं वासरू, एवढ्या बायका. मी तर कुणाची लागली असेल ती नावंसुद्धा सांगितली. आईनं मीठमोहऱ्या आणि लाल मिरच्या ओवाळून गोठ्यातच निखाऱ्यावर टाकल्या. मिरच्यांचा ठसका कुणालाच आला नाही म्हणजे दृष्ट किती जबर आहे पाहा, असं व्हायला पाहिजे होतं. पण ठसका सगळ्यांना आला, आबांना आला, मला आला, आणि सगळ्यांत जास्त रुपीला आला. तिला ऊब हवी म्हणून गोठ्याला पोती लावून बंद केला आणि आत शेणकुटांची धुनी पेटवली. एखाद्या जिवाचं फुफ्फुस कामातून घालवायचं आम्ही ठरवून बसलो असतो तरी याहून नेटकं काम जमलं नसतं.

संध्याकाळपर्यंत ती खाली बसली आणि उठेना. तेव्हा आबा सायकल काढून जनावरांच्या डॉक्टरांना, वाटेत सगळी हकिकत सांगत, घेऊन आले. डॉक्टर लातूरकडचे, उंच, तिरसट, सणाचं ताट सोडून आलेले. त्यांनी आधी पोती ओढून फेकली, धुनी पायानं विझवली, झूल काढली, घुंगरं काढली. घुंगरं काढताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती माझी आहेत हे त्यांना कसं कळलं कोण जाणे, बहुधा त्या विदुषी चेहऱ्यावरून. मग गुडघ्यावर बसून बरगड्यांना नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले.

"न्यूमोनिया आहे," ते म्हणाले. "आणि जंतू बाहेरून आलेले नाहीत. ते हिच्या नाकाघशात आधीपासूनच होते, धडधाकट वासराच्याही असतात. अंगात जोर आहे तोवर ते गप्प बसतात. तुम्ही हिला आईपासून तोडली, दिवसभर ट्रकात उभी केली, गार पाण्यात बुचकळली, परक्या गाईच्या शिंगापुढं बांधली, कानाशी फटाके लावले. घाबरलेल्या जिवाच्या अंगातली राखण ढिली पडते. मग ते जंतू खाली उतरतात, छातीत."

आबांनी चाचरत विचारलं, "म्हंजी दिष्ट न्हाय?"

"आहे की. एवढी माणसं एकदम बघायला आल्यावर लागणारच. हिला आजार नंतर झाला, आधी सण बाधला."

त्यांनी सुई दिली, रोज येऊन देईन म्हणाले. कोरड्या पाचटाची गादी करा, वारा अडवा पण हवा अडवू नका, धूर नको, तांबडीला दुसरीकडं बांधा. आणि आवाज नको, माणूस नको. तिला कुणी भेटायला यायचं नाही. आईनं विचारलं, "जवळचं बी न्हाय?" डॉक्टर सायकलवर बसले.

आईचं तोंड पांढरं पडलं होतं. मला तेव्हा वाटलं, तीही माझ्यासारखी रुपीसाठी घाबरलीय. ती घाबरली होतीच. पण तिला पुढचं दिसत होतं. वासरू गेलं तर वासरू एकदाच जाईल. तिच्या माहेरून आलेलं वासरू सणाला मेलं, हे मात्र दर वसुबारसेला, दर हळदीकुंकवाला, ती जिवंत असेपर्यंत ऐकावं लागेल. मामा तर पुन्हा कधी मान वर करून या दारात येणार नव्हता.

आता आमच्याकडे कुणी आजारी पडलं की समाचाराला जायचं असतं. नाही गेलं तर ते वैर धरल्यासारखं. रुपी आजारी आहे हे कळल्याबरोबर, ज्या बायका पुजायला आल्या होत्या त्याच ओळीनं समाचाराला आल्या, आणि ज्या पूजेला आल्या नव्हत्या त्याही आल्या, कारण त्यांना आता दोन कारणं होती. कुणी बिस्किटाचा पुडा आणला, एकीनं मोसंबी आणली. गोठ्याच्या दारात बसून प्रत्येकीनं आपापल्या ओळखीचं, अगदी याच दुखण्यानं मेलेलं वासरू तपशीलवार सांगितलं. मला फाटकावर उभं केलेलं होतं. लोकांना अडवायचं म्हणून मी एक भाषणही तयार केलं होतं, त्यात 'जीवाणू' आणि 'प्रतिकारशक्ती' असे दोन शब्द डॉक्टर न बोललेलेही घातले होते. बायका माझ्या गालाला हात लावायच्या, पोरगी किती काळजी करतीया म्हणायच्या, आणि आत जायच्या.

गेल्या थंडीत मी स्वतः न्यूमोनियानं बारामतीच्या एका दवाखान्यात पडले होते. तिथला कोवळा डॉक्टर म्हणाला, आजी, ताण घेऊ नका, ताणानं प्रतिकारशक्ती कमी होते. मी म्हटलं, बाळा, मला हे एका कालवडीनं तुझ्या जन्माआधी शिकवलंय. एवढ्यात खोलीत जाऊबाई, त्यांच्या दोन सुना, आणि शहाळी घेऊन लोणी देवकरचे व्याही शिरले. व्याह्यांनी खुर्चीवर बसता बसता सांगितलं की त्यांच्या चुलत्याला अगदी हेच झालं होतं. मी डोळे मिटून मान पुढं काढली आणि रुपीसारखा श्वास घेऊन दाखवला. तरी ते तासभर बसले.

असो. पाडव्याला डॉक्टरांनी पारा पाहिला आणि विचारलं, काल कोण आलं होतं. आबांनी सांगायला सुरुवात केली, आणि त्यांना थांबायला जागाच सापडेना. डॉक्टरांनी सुई भरली. ओरडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाले, औषध त्याचं काम करतंय, पण आणखी एक धक्का हिच्या छातीला झेपणार नाही. उद्या हिला शांत ठेवली तर ठेवली.

उद्या भाऊबीज होती.

आत्या भाऊबिजेला एकटी कधीच येत नसे. दोन मुलगे, सुना, नातवंडं, टिकल्यांचं पिस्तूल, करंज्यांचा डबा आणि तिचा तो आवाज, असा सगळा ताफा. सकाळी पुलावरून तो आवाज सुरू झाला आणि मी फाटकात जाऊन उभी राहिले. या वेळी भाषण आणखी सुधारलेलं होतं. आत्या समोर आली, फाटकाला हात घातला, आणि माझी सगळी कविता, सगळी प्रतिकारशक्ती घशातच राहिली. मी फाटक धरून नुसती उभी. इंग्रजीचा तास असल्यासारखी. आत्या म्हणाली, बाजूला हो गं. आणि मी, सांगायला हरकत नाही, बाजूला झाले.

तेवढ्यात आई घरातून आली. कोपरापर्यंत हात बेसनानं माखलेले, पदर खोचलेला. तिनं त्याच हातांनी फाटक आतून धरलं.

"वन्सं, आज आत यायचं न्हाय. तुमचा भाऊ हितं येतोय. हितंच ओवाळा. आन् हळू."

मागं एका सुनेच्या हातातला डबा खाली टेकला. भावाच्या दारात, भाऊबिजेला, बहिणीला अडवलं, असं आमच्याकडे कुणी कधी ऐकलेलं नव्हतं.

"वासरापायी नणंदंला दारात उभी करतीस व्हय गं?" आत्या म्हणाली.

"व्हय," आई म्हणाली. "तुमच्याच सणाला आणलंय ते, वन्सं. तुमी बोलला म्हनून त्याच्या आयपासनं तोडून आणलं. आता जगू द्या."

आईच्या हातावरचं बेसन वाळून तडकत होतं. मला वाटलं, आता पुलापलीकडं ऐकू जाईल असं काहीतरी होणार. आत्यानं मागं वळून थोरल्या नातवाच्या हातातलं पिस्तूल काढून घेतलं आणि कंबरेला खोचलं. मग फाटकाजवळच्या दगडावर बसली आणि ताट मांडीवर घेऊन पदराआड निरांजन लावू लागली.

आबांचा पाट फाटकाबाहेर धुळीत मांडला. आत्या दरवर्षी ओवाळताना मोठ्यानं म्हणायची, गावाला कळावं की तिला भाऊ आहे. त्या दिवशी तिचे नुसते ओठ हलले. तिला कुजबुजताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तिलाही ते नवीन असावं, कारण मधेच ती थांबून आपलाच आवाज शोधत असल्यासारखी इकडंतिकडं बघायची. आबांनी डोळे पुसले. धूर गेला म्हणाले. निरांजनाला कितीसा धूर असतो.

सगळ्यांना तिनं हातानंच घरी पिटाळलं, स्वतः मात्र उठली नाही. आपण नणंद आहोत, आत जाऊ शकत नाही, पण मग दुसरं कुणी कसं जाईल, हा तिचा सरळ हिशेब होता. त्या दिवसापासून ती रोज सकाळी पानाची चंची घेऊन यायची आणि दगडावर बसायची. समाचाराला आलेली एकही बाई त्या दगडापलीकडं गेली नाही. आई तिला तिथंच चहा नेऊन द्यायची. दोघी काही बोलायच्या नाहीत, पण आईच्या भाकरीचा आवाज आता पहिल्यासारखा येत नव्हता. आबांनी इंजिन संध्याकाळी थोडाच वेळ चालवायचं ठरवलं. घरात आम्ही खुणांनी मीठ मागायला शिकलो. मला मौन पाळायला सांगितलं, आणि सुट्टी संपल्यावर शाळेतल्या बाईंनी आईला निरोप पाठवून विचारलं की मुलीची तब्येत बरी आहे ना.

आत्याच्या पहाऱ्यात खोट एकच. कालव्याच्या रस्त्यावरून बैलगाडी निघाली, सायकलवाला घंटी वाजवत आला, की ती दगडावरून उठून ओरडायची, "गप जावा की रं, वासरू आजारी हाय हितं." तो आवाज घंटीच्या दसपट असायचा, झाडावरचे बगळे उडायचे. मी एकदा धीर करून हळूच सांगितलं, आत्या, तुमीच वरडताय. ती म्हणाली, मी वराडत न्हाय, सांगती.

रुपी पुढं चांगली मोठी झाली, व्याली, दूध मामाच्या गाईइतकं कधी दिलं नाही, आणि थंडीत जन्मभर खोकली. तिच्या वासराची वसुबारस आईनं फाटकाबाहेरूनच करायला लावली. बायकांनी एकेक करून यायचं, लांबून हात जोडायचे आणि जायचं. त्यावर गावात बरेच दिवस बोललं गेलं. आता माझ्या नातवाच्या गोठ्यात बाहेरच्या माणसाला पाय ठेवू देत नाहीत, वासरू आणलं की आधी वेगळं ठेवतात, आणि त्याला तो आधुनिक व्यवस्थापन म्हणतो. मी म्हटलं, त्याला आक्काआत्या म्हणतात.

पण ते सगळं पुढचं. त्या दिवाळीनंतरची ती सकाळ मात्र अजून माझ्या कानात आहे. ऊन अंगणात आलं होतं. इंजिन बंद, आई चुलीपुढं, आबा मळ्याच्या बांधावर, आणि मी गोठ्याच्या दारात पाचटावर बसलेली, तोंड मिटून, ज्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. रुपीनं एक कान हलवला. मग पुढचे गुडघे टेकून, मागचा भाग आधी उचलून, ती उठली, जरा झुलली, उभी राहिली. मी ठेवलेल्या कडवळाच्या पेंढीला तिनं तोंड लावलं, एक घास चावला, मान वर केली, आणि नरसिंहपुरापर्यंत ऐकू जाईल अशी हंबरली. आईच्या हातातून उलथनं पडलं. बांधावरून आबा धावत सुटले.

आणि फाटकाजवळच्या दगडावरून, मागं वळूनसुद्धा न पाहता, आत्या ओरडली, "ए, गप की गं भवाने. आजारी वासरू हाय हितं."